मेंढपाळांचा तळ

मेंढपाळांचा तळ म्हणजे भटकंती करणारे मेंढपाळ आपल्या मेंढ्या, घोडे, कोंबड्या व राखणीची कुत्री यांच्यासह रात्रीच्या मुक्कामासाठी वसवतात ती तात्पुरती वसाहत होय. पश्चिम महाराष्ट्रात एकत्र फिरणाऱ्या कुटुंबांच्या समूहाला 'वाडा' म्हणतात आणि त्यांच्या मुक्कामाच्या जागेलाही हाच शब्द वापरला जातो. तळ एका रात्रीचा असतो किंवा काही दिवसांचा. तो बहुधा शेतकऱ्याच्या शेतात पडतो. जागेच्या मोबदल्यात शेताला मेंढ्यांचे खत मिळते. कळपाची सुरक्षितता कुत्र्यांवर अवलंबून असते, मात्र गावाने तळाला जागा द्यावी की नाही हेही अनेकदा कुत्र्यांच्या वागणुकीवरून ठरते. चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांत, विशेषतः आलापल्लीसारख्या दाट जंगलाच्या परिसरात, अशी जागा मिळणे अधिक अवघड असते.

पार्श्वभूमी

महाराष्ट्राच्या पर्जन्यछायेच्या प्रदेशातील धनगर समाज पावसाळ्यात आपल्या गावाकडील माळरानांवर मेंढ्या चारतो आणि दिवाळीच्या सुमारास स्थलांतराला निघतो. फलटण, माण, खटाव, बारामती, पुरंदर, पारनेर, संगमनेर या भागांतील वाडे कोकणात, भीमा-कृष्णेच्या बागायती पट्ट्यात किंवा मराठवाड्याकडे जातात. पाळल्या जाणाऱ्या मेंढ्या प्रामुख्याने दख्खनी जातीच्या असतात. ही जात कोरड्या हवामानात काटक आहे. सततचा पाऊस व चिखल तिला मानवत नाही आणि ओलाव्यात तिचे खूर सडतात. त्यामुळे कोकणात गेलेले वाडे पावसाळ्यापूर्वी घाट चढून परततात.

पूर्व विदर्भात कुरमार व गोलकर हे पशुपालक समाज आहेत. कुरमार समाजाचे नाते तेलंगणातील कुरुमा मेंढपाळांशी जोडले जाते. मेंढीपालनाबरोबर घोंगड्या विणणे हाही त्यांचा परंपरागत व्यवसाय आहे. याशिवाय मूळचे कच्छ-काठेवाडकडील रबारी व भरवाड पशुपालक विदर्भात मेंढ्या, गाई व उंट घेऊन फिरतात.

तळाची रचना

वाड्याचे बिऱ्हाड घोड्यांवर लादलेले असते. भांडी, अंथरुणे, धान्य, जाळी, चालू न शकणारी कोकरे व कोंबड्या असा संसार त्यात येतो. स्त्रिया घोडी घेऊन ठरलेल्या ठिकाणी आधी पोहोचतात, चूल मांडतात व पाण्याची सोय पाहतात. पुरुष व मुले कळप चारत दिवस मावळता तेथे येतात. मेंढ्यांभोवती खुंट्यांच्या आधाराने जाळे उभारले जाते. त्याला 'वाघर' किंवा 'वाघूर' म्हणतात. कोकरांसाठी आत वेगळी जागा असते. माणसे वाघरीबाहेर झोपतात आणि कुत्री त्यांच्याही पलीकडे, तळाच्या कडेने विखरून बसतात.

वाघर एकाच जागी राहत नाही. ती दररोज थोडी सरकवली जाते, त्यामुळे लेंड्या व मूत्र शेतभर सारखे पसरतात. या पद्धतीला 'शेतात मेंढ्या बसवणे' असे म्हणतात. लेंडीखत वाहून आणावे लागत नाही आणि मूत्रातील नत्र थेट जमिनीत मुरते. याचा मोबदला धान्य, रोख रक्कम किंवा दोन्ही स्वरूपांत मिळतो. रासायनिक खतांच्या प्रसारानंतर मागणीत चढउतार झाले, तरी ही पद्धत टिकून आहे.

जागेची निवड

तळाची जागा आयत्या वेळी शोधली जात नाही. वाड्यातील अनुभवी पुरुष एक-दोन मुक्काम पुढे जाऊन शेतमालकांशी बोलून येतो. अनेक वाड्यांचे ठराविक गावांशी पिढ्यांचे संबंध असतात. जागा ठरवताना पुढील बाबी पाहिल्या जातात.

• पाणी : माणसे, घोडे व कुत्री यांना रोज पाणी लागते, म्हणून विहीर, ओढा किंवा तलाव जवळ असावा लागतो.

• उतार : पाणी साचणारी जमीन टाळली जाते. अवकाळी पावसात सखल शेतातील कळप एका रात्रीत आजारी पडू शकतो.

• मोकळी नजर : झुडपे, ऊस किंवा नाल्याची कपार लागून असल्यास बिबट्या व लांडग्याला आडोसा मिळतो.

• शेजारची पिके : रात्री वाघर तुटल्यास उभ्या पिकाचे नुकसान होते आणि त्याची भरपाई वाड्याला द्यावी लागते.

• रस्ता : वाहतुकीच्या रस्त्यालगत तळ पडल्यास वाहनांच्या धडकेत कुत्री व कोकरे मरण्याचा धोका असतो.

• गावातील कुत्री : नव्या ठिकाणी पहिल्या रात्री गावची व वाड्याची कुत्री भिडतात. म्हणून वस्तीपासून काही अंतर राखले जाते.

कुत्र्यांची भूमिका

वाड्यातील कुत्री मुख्यतः राखण करतात. युरोपातील काही जातींप्रमाणे मेंढ्या वळवून आणणे हे त्यांचे प्रमुख काम नसते. ते काम मेंढपाळ हाकेने, शिट्टीने व काठीने करतो. कुत्रे दिवसा कळपाच्या मागेपुढे चालते आणि रात्री जागते. एकच कुत्रे तळाच्या सर्व बाजू राखू शकत नाही, म्हणून वाड्याबरोबर अनेक कुत्री असतात. एका बाजूचे कुत्रे भुंकले की इतर सावध होतात आणि माणसे उठतात. बहुसंख्य कुत्री स्थानिक देशी असतात. दख्खनमध्ये सडपातळ बांध्याचे 'कारवानी' आणि त्याचाच लांब केसांचा 'पश्मी' हा प्रकारही आढळतो. 'कारवानी' हे नाव फिरत्या तांड्यांवरून, म्हणजे कारवानांवरून, पडल्याचे मानले जाते.

माळरानावर मुख्य शत्रू लांडगा असतो. डोंगराळ, बागायती व वनप्रदेशात बिबट्याची भीती अधिक असते. बिबट्याच्या बाबतीत कुत्र्याचे स्थान दुहेरी आहे, कारण कळपाचा रक्षक असलेला हा प्राणी स्वतःच बिबट्याचे भक्ष्य आहे. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात विद्या अत्रेय व सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला. त्यांच्या आहारातील सुमारे ८७ टक्के जैवभार पाळीव प्राण्यांचा होता आणि त्यात कुत्र्यांचा वाटा सर्वाधिक, म्हणजे सुमारे ३९ टक्के होता. कुत्रे गमावलेल्या वाड्याला पुढील मुक्कामांवर एक बाजू उघडी ठेवावी लागते. नवे पिल्लू कळपाला व मार्गाला सरावेपर्यंत बराच काळ जातो.

धार्मिक परंपरेतही कुत्र्याला स्थान आहे. धनगरांसह अनेक समाजांचे दैवत असलेल्या खंडोबाबरोबर कुत्रा दाखवला जातो. खंडोबाचे उपासक 'वाघ्ये' स्वतःला देवाचे कुत्रे मानतात आणि कोटंब्यात भिक्षा घेतात. जर्मन अभ्यासक गुंथर सोंथायमर यांनी बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा या दैवतांचा पशुपालक जीवनाशी असलेला संबंध सविस्तर मांडला आहे.

आलापल्ली व वनजिल्ह्यांतील स्थिती

आलापल्ली हे गडचिरोली जिल्ह्याच्या अहेरी तालुक्यातील गाव सागाच्या जंगलासाठी प्रसिद्ध आहे. आष्टी, अहेरी, एटापल्ली, भामरागड व सिरोंचा या दिशांना जाणारे रस्ते येथे एकत्र येतात. दक्षिणेस सिरोंचा मार्गावर 'वनवैभव' हा जुन्या वृक्षांचा राखीव भाग आहे. २०१४ साली त्याला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला.

या भागात भटक्या मेंढपाळाला माळरान जवळजवळ मिळत नाही. मोकळी जमीन म्हणजे गावालगतची भातशेती, तलावांचा काठ आणि गुरे जमतात तो आखर. भाताच्या शेतांना येथे 'बांध्या' म्हणतात. कापणीनंतर बांध्या रिकाम्या होतात, पण सगळ्याच नव्हे. उभ्या भातातच लाखोळी, जवस, हरभरा यांचे बी टाकण्याची पद्धत झाडीपट्टीत रूढ आहे. अशा बांध्यांत पिके निघेपर्यंत मेंढ्या बसवता येत नाहीत. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले आणि त्यानंतर तेंदूपाने गोळा करण्याचा हंगाम येतो. पहाटेपासून गावकरी झाडांखाली असतात. मोकळी सुटलेली कुत्री आणि फुले खाणारा कळप या काळात वादाचे कारण होतात. पाऊसही येथे पश्चिमेकडील माळरानांपेक्षा कितीतरी जास्त असल्याने तळाचा हंगाम मुळातच आखूड असतो.

वन्य प्राण्यांचा धोकाही वेगळा आहे. चंद्रपूर जिल्ह्यात ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाबाहेरही वाघांचा वावर आहे. बिबट्या, रानकुत्री व अस्वले दोन्ही जिल्ह्यांत आढळतात. २०२१ मध्ये छत्तीसगडमधून रानटी हत्तींचा कळप गडचिरोली जिल्ह्यात आला. वाघ किंवा हत्तीसमोर कुत्रे केवळ सूचना देऊ शकते, प्रतिकार करू शकत नाही. त्यामुळे या भागात जंगलाच्या कडेपेक्षा गावाजवळची बांधी तळासाठी सुरक्षित ठरते. गावाजवळ आल्यावर मात्र गावच्या कुत्र्यांचा, शेळ्या-कोंबड्यांचा व पिकांचा प्रश्न उभा राहतो. रस्त्यांचा विचारही येथे आवश्यक ठरतो, कारण सुरजागड येथील लोहखनिज वाहून नेणारे अवजड ट्रक एटापल्ली-आलापल्ली-आष्टी मार्गावरून जातात.

कायदेशीर बाजू

भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ नुसार राखीव वनात विनापरवानगी गुरे चारणे किंवा आग पेटवणे हा गुन्हा आहे. तळावर चूल व शेकोटी लागतेच, त्यामुळे राखीव वनात मुक्काम करणाऱ्यांवर दोन्ही बाबतींत कारवाई होऊ शकते. अभयारण्ये व राष्ट्रीय उद्यानांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ ची अधिक कडक बंधने लागू होतात. आलापल्लीच्या वायव्येस, आष्टीजवळ असलेले चपराळा अभयारण्य या वर्गात येते.

अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम, २००६ मध्ये चराईचा हक्क 'स्थायी किंवा स्थलांतरित' अशा दोन्ही स्वरूपांत मान्य केला आहे. भटक्या व पशुपालक समाजांच्या हंगामी वापराचाही त्यात उल्लेख आहे. प्रत्यक्षात या हक्काचा लाभ मेंढपाळांना सहज मिळत नाही. महाराष्ट्रात धनगर समाज भटक्या जमाती (क) प्रवर्गात मोडतो. अनुसूचित जमातीत नसलेल्या दावेदाराला १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे, वास्तव्य सिद्ध करावे लागते. दरवर्षी जागा बदलणाऱ्या कुटुंबांकडे असे पुरावे क्वचितच असतात.

गडचिरोली जिल्ह्यात सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभांची संख्या मोठी आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली असा हक्क मिळाला. अशा गावांच्या वनक्षेत्रात चराईचे नियम ठरवण्यात ग्रामसभेचा अधिकार महत्त्वाचा असतो. त्यामुळे मेंढपाळाला शेतमालकाबरोबर ग्रामसभेचीही संमती घ्यावी लागते. पिढीजात ओळख असलेल्या वाड्याला ती मिळणे सोपे जाते, पण नवख्याला कठीण.

वन्य प्राण्याने मेंढी मारल्यास राज्य शासनाकडून नुकसानभरपाई मिळते. त्यासाठी घटनेची माहिती ४८ तासांच्या आत वन विभागाला द्यावी लागते आणि पंचनामा होईपर्यंत मृत जनावर जागेवरून हलवता येत नाही. दुसऱ्या दिवशी शेत सोडण्याचे कबूल केलेल्या वाड्याला ही अट जाचक ठरते.

आरोग्य

तळावर कुत्री व मेंढ्या एकत्र राहत असल्याने काही रोग दोघांत फिरतात. मेलेल्या मेंढीचे कच्चे आतडे, यकृत किंवा मेंदू कुत्र्याने खाल्ल्यास त्याच्या पोटात फीतकृमी वाढतात. कृमींची अंडी विष्ठेतून गवतावर व पाण्यात जातात आणि पुन्हा मेंढीच्या शरीरात शिरतात. त्यांपैकी एका कृमीमुळे मेंढीच्या मेंदूत पाण्याची गाठ होते आणि ती गोल गोल फिरू लागते. दुसऱ्यामुळे यकृत व फुप्फुसांत जलपुटी तयार होतात. हा दुसरा रोग माणसालाही होतो. मेलेले जनावर खोल पुरणे, कुत्र्यांना कच्चे अवयव न देणे आणि त्यांना नियमित जंतनाशक औषध देणे हे त्यावरील प्रमुख उपाय आहेत. रेबीजची लस कुत्री, मेंढपाळ आणि तळ पडतो ती गावे या सर्वांच्या दृष्टीने आवश्यक आहे.

कुत्र्यांचे रोग वन्य प्राण्यांपर्यंतही पोहोचतात. सोलापूर जिल्ह्यातील नान्नज परिसरात झालेल्या अभ्यासात बहुतांश मोकाट कुत्र्यांना डिस्टेंपर व पार्व्हो विषाणूंचा संसर्ग होऊन गेल्याचे आढळले. वन्यजीव अधिनियमाच्या कलम ३३(अ) मध्ये अभयारण्यात व त्याच्या पाच किलोमीटर परिसरातील पशुधनाच्या लसीकरणाची तरतूद आहे. पशुधनाच्या व्याख्येत मेंढी, घोडा व कोंबडी यांची नावे आहेत, कुत्र्याचे नाव नाही. त्यामुळे वाड्यातील कुत्र्यांचे लसीकरण बहुधा मेंढपाळाच्या स्वतःच्या प्रयत्नावर राहते.

सद्यस्थिती

बागायतीचा विस्तार, गायरानांवरील अतिक्रमण, कुंपणे व वाढती वाहतूक यांमुळे परंपरागत मार्गांवरील तळाच्या जागा कमी होत आहेत. काही वाडे घोड्यांऐवजी टेम्पोने बिऱ्हाड हलवतात आणि पुढच्या शेताची बोलणी मोबाइलवरून करतात. राज्य शासनाने २०१७ मध्ये राजे यशवंतराव होळकर महामेष योजना सुरू केली. मेंढीगट व पूरक सुविधांसाठी अनुदान हे तिचे मुख्य स्वरूप आहे.

राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरणही स्वीकारले. फिरते घर व पाळीव कुत्री घेऊन वनजिल्ह्यांत येणाऱ्या पर्यटकालाही पाणी, संमती, वन्य प्राण्यांपासून अंतर आणि गावच्या कुत्र्यांशी होणारा सामना हेच प्रश्न सोडवावे लागतात. मेंढपाळाजवळ शेताला देण्यासाठी खत असते आणि त्या देवघेवीवरच त्याचा मुक्काम उभा असतो. म्हणून चांगला तळ म्हणजे पुढच्या वर्षीही बोलावले जाईल अशा रीतीने सोडलेली जागा, असे मानले जाते.

हेही पाहा

धनगर • दख्खनी मेंढी • खंडोबा • कारवानी कुत्रा • आलापल्ली • वनहक्क अधिनियम, २००६