पहिला अंक कोणता?

श्रोतेहो, धारूरच्या एका शाळेत मध्यंतरी प्रश्नमंजूषा झाली. परीक्षक मी होतो. मुलांना गोडी वाटावी म्हणून चित्रकथांवर एक प्रश्न मीच काढला : "वेताळाचा पहिला अंक कोणत्या साली निघाला?" माझ्या कागदावर उत्तर होते १९३६. सातवीतली एक मुलगी उठून म्हणाली, "सर, १९६४. आमच्या आजोबांनी सांगितलंय." मी शून्य गुण दिले. तिचा गट एका गुणाने हरला.

घरी आल्यावर मात्र चैन पडेना. वेताळाची चित्रमालिका अमेरिकेतल्या वर्तमानपत्रात सुरू झाली ती १७ फेब्रुवारी १९३६ रोजी. लेखक ली फॉक, चित्रकार रे मूर. पण तो झाला वर्तमानपत्राचा रकाना; त्याला अंक कसं म्हणायचं? मुंबईहून इंद्रजाल चित्रकथांची माला निघाली मार्च १९६४ मध्ये, आणि तिचा पहिला अंक वेताळाच्या कंबरपट्ट्याचा होता. ही माला मराठीतही निघे; १९९० साली ती बंद झाली. म्हणजे आजोबा खोटं बोलले नव्हते. माझा प्रश्नच अर्धा होता!

आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीचा काय बाऊ? पण अमेरिकेत जाणती माणसं याच प्रश्नावर वर्षानुवर्षे वाद घालीत आली आहेत. तिथे चित्रकथांचे सुवर्णयुग आणि त्यानंतरचे रौप्ययुग असे दोन काळ मानतात. फ्लॅश नावाचा वेगवान वीर १९४० च्या सुमारास आला, पुढे त्याच्या गोष्टी बंद पडल्या. १९५६ साली 'शोकेस'च्या चौथ्या अंकात त्याच नावाचा नवा माणूस, नव्या पोशाखात उभा राहिला. पुष्कळांच्या मते रौप्ययुग तिथून सुरू होते. दुसरे म्हणतात, छे, मंगळावरून आलेला वीर १९५५ च्या नोव्हेंबरच्या अंकात आहे, त्याच्यापासून धरा.

फ्लॅशचे निदान सोपे, मध्ये खंड पडला. सुपरमॅनचे काय? तो १९३८ पासून अखंड छापला जात होता. जुना सुपरमॅन कोणत्या अंकात संपला आणि नव्या युगातला कोणत्या अंकात अवतरला? नदी कुठे वळली ते दिसतं, पण नेमका थेंब दाखवता येत नाही, तसलाच हा प्रकार. शिवाय त्याच्या पहिल्या अंकावर महिना छापला आहे जून, आणि अंक विक्रीला आला एप्रिलमध्येच!

तेव्हा शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, 'पहिला' म्हटलं की आधी विचारावं : कुठे पहिला? कोणत्या रूपात? आणि तारीख छापलेली धरायची की विक्रीची? आपल्या धारूरच्या किल्ल्याचंच घ्या. सोळाव्या शतकात तो आदिलशाही सरदार किश्वरखानाने बांधला, असे आपण शिकवतो. पण एखाद्या पोराने विचारलं, "गुरुजी, त्याच्या आधी इथे काय होतं?" तर त्याला खाली बसवू नका. तो पहिल्याच्या आधीचं शोधतो आहे.

दुसऱ्या आठवड्यात मी त्या शाळेत गेलो आणि साऱ्या वर्गासमोर त्या मुलीचा गुण तिला परत दिला. ढाल मात्र दुसऱ्या गटाकडेच राहिली. प्रश्न नीट विचारला असता, तर ही वेळ आली नसती.