गाठीचा पैसा आणि मुलांची सहल

शेतकऱ्याच्या घरी पैसा पगारासारखा महिन्याच्या महिन्याला येत नाही. तो हंगामाने येतो, आणि येण्यापूर्वीच त्याच्या वाटण्या झालेल्या असतात. कोल्हापूर जिल्ह्यातील बागायतदाराचेच उदाहरण घ्यावे. ऊस कारखान्यास गेला म्हणजे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे चौदा दिवसांत त्याचे बिल निघावयास हवे. ते निघाले की त्यातून सेवा संस्थेचे पीककर्ज परस्पर वळते होते. पाणीपुरवठा संस्थेची पट्टी, खताची उधारी, नांगरटीचे भाडे ही देणी भागतात, आणि मग जे काही उरते ते बँकेच्या पुस्तकात दिसते. त्या आकड्याकडे पाहून घरचा कर्ता मनाशी म्हणतो की, हा पैसा गाठीस असू द्यावा. हा विचार खोटा नाही. ज्याने २००५, २०१९ आणि २०२१ या सालांचे महापूर पाहिले, उभा ऊस पाण्याखाली कुजताना पाहिला, त्याला शिल्लकेचे मोल कोणी शिकवावयास नको.

परंतु त्याच घरातले नऊ-दहा वर्षांचे मूल मे महिन्याच्या सुट्टीत विचारते, “आण्णा, औंदा आपण कुठं जायचं?” आणि त्याला दरसाल एकच उत्तर मिळते, “ऊस जाऊ दे, मग बघू.” ऊस जातो, खोडव्याची कामे निघतात, मृग येतो, शाळा उघडते. असे चार-पाच वेळा झाले म्हणजे मूल विचारणेच सोडून देते. जपून साठविलेल्या पैशातून मुलाबाळांसह दोन दिवस बाहेर जाऊन येणे ही चैन समजावी की प्रपंचातील एक आवश्यक बाब समजावी, याचा विचार आपण शेतकऱ्यांनी एकदा स्वस्थपणे केला पाहिजे. आमचे मत असे आहे की, पैसा त्या कामासाठीच राखलेला असेल आणि मागे गोठ्याची नीट सोय लावलेली असेल, तर असा खर्च उधळपट्टीत मोडत नाही.

बैलास बेंदूर, माणसास काय?

आपल्या भागात बेंदूर मोठ्या हौसेने पाळतात. त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू पडत नाही. त्याला धुतात, शिंगे रंगवितात, पुरणपोळीचा घास देतात. या विश्रांतीपासून नफा काय, असे कोणी शेतकरी विचारीत नाही. कारण जनावर सतत राबविले तर ते लवकर थकते, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते. मात्र घरच्या गृहिणीस असा एकही दिवस नाही. बेंदूर असो वा दिवाळी, पहाटे व सायंकाळी म्हशीखाली बसावेच लागते आणि डेअरीची वेळ गाठावीच लागते.

जुन्या लोकांनी यावर आपल्या परीने तोड काढली होती. चैत्र पौर्णिमेस जोतिबाच्या डोंगरावर, दत्तजयंतीस नरसोबाच्या वाडीला बैलगाड्या जुंपून घरेच्या घरे जात असत. दशम्या बांधून घ्यावयाच्या, वाटेत झाडाखाली गाड्या सोडावयाच्या आणि मुक्काम करून परतावयाचे. देवदर्शन तर होईच. शिवाय बायकामुलांस चार गावे दिसत. तेव्हा सहकुटुंब प्रवास ही शहरातून आलेली टूम नव्हे. आता मोटारसायकल आल्यापासून पुष्कळ घरांत कर्ता पुरुष सकाळी जाऊन दुपारी परत येतो, आणि बाकीचे घर जागच्या जागी राहते, इतकाच काय तो फरक पडला आहे.

इतर धंद्यांत रजेचा हक्क झगडून मिळवावा लागला. फ्रान्स देशात १९३६ साली कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने मिळाली. आपल्याकडे केंद्र सरकारच्या नोकरांस १९५६ पासून रजेतील प्रवासाची सवलत आहे. शेतकरी हा आपला आपण धनी. त्याला रजा देणारा वरिष्ठ कोणी नाही. म्हणूनच ती त्याची त्यानेच मंजूर करावयाची असते, आणि नेमके तेच त्याच्या हातून होत नाही.

खरी अडचण गोठ्याची

आपण पैशाचे निमित्त सांगतो; पण अनेक घरांत खरी अडचण दावणीच्या जनावरांची असते. दूध दोन वेळा निघाले पाहिजे, वैरण वेळेवर पडली पाहिजे. फिनलंड देशात हा प्रश्न तेथील लोकांनी १९७० नंतरच्या दशकात कायद्याने सोडविला. तेथे पशुपालकास वार्षिक रजा मिळते, व तेवढ्या दिवसांपुरता गोठा सांभाळण्यास बदली माणूस दिला जातो. आपल्याकडे तशी व्यवस्था नाही. परंतु पैरा आहे. भांगलणीला आणि लावणीला आपण पैरा करतो, मग दोन दिवसांच्या गोठ्याला का करू नये? या सुट्टीत तुमचा गोठा आम्ही पाहू, दिवाळीत आमचा तुम्ही पाहा, असे भाऊबंदांत किंवा शेजाऱ्यांत ठरविले तर कोणावर उपकार होत नाहीत.

यात काही गोष्टी मात्र पाळाव्यात. म्हैस ओळखीच्या हाताची असते. परका हात लागला की पान्हा चोरते. म्हणून बदली माणसाने निघण्याच्या आधी चार-पाच दिवस घरच्या माणसादेखत धारा काढाव्यात. पेंड व भुसा यांचे माप वेळेगणिक वेगळे काढून ठेवावे, वैरण कापून ठेवावी, आणि जनावरांच्या डॉक्टरांचा फोन भिंतीवर लिहावा. विण्याच्या बेतातील म्हैस दावणीला असेल तर त्या आठवड्यात घर सोडू नये. त्या दोन दिवसांचे दूध कोणाच्या नावे घालावयाचे हे आधीच बोलून घ्यावे. मागाहून निघालेल्या शब्दाने पैरा तुटतो. पाण्याच्या पाळीचेही असेच आहे. दोन पाळ्यांच्या मधले दिवस निवडावेत, आणि ऊसतोडीची वाट पाहावयाची असेल तेव्हा सहलीचा बेत करू नये. तोडीची टोळी कोणाच्या सहलीसाठी थांबत नाही.

कोणता पैसा खर्चावा?

गाठीचा सर्व पैसा एकाच प्रकारचा नसतो. त्याचे तीन वाटे मनात पक्के असावेत. पहिला वाटा पुढील पिकाचा : बियाणे, खत, नांगरट. दुसरा संकटाचा : आजार, महापूर, जनावराचा मृत्यू. या दोहोंस सहलीसाठी हात लावू नये, आणि पीककर्जाची उचल तर या कामी मुळीच वापरू नये. कर्ज काढून केलेल्या प्रवासाचा आनंद घराच्या उंबऱ्यातच संपतो आणि व्याज मात्र पुढे चालू राहते.

तिसरा वाटा मुद्दाम तयार करावा लागतो, आणि त्याला दुधाचा पैसा सर्वांत बरा. आपल्याकडे दुधाचे बिल दर दहा दिवसांनी होते. म्हणजे वर्षात अशी छत्तीस बिले हाती येतात. समजा, प्रत्येक बिलातून १५० रुपये बाजूला काढले, तर वर्षाअखेर ५,४०० रुपये जमतात. २०० काढले तर ७,२०० होतात. हा पैसा गृहिणीच्या नावाच्या खात्यात ठेवावा, कारण धारा काढण्याचे कष्ट बहुधा तिचे असतात. आणि कोठे व केव्हा जावयाचे यात तिचा शब्द शेवटचा मानावा. एखाद्या वर्षी भाकड काळ लांबला व रक्कम कमी जमली, तर अंतर कमी करावे, मुक्काम गाळावा. पण जाणे रद्द करू नये.

येथे कोणी म्हणेल की, इतका पैसा फिरण्यात घालविण्याऐवजी तो साठवावा. त्यांना आमचे विचारणे एवढेच की, जावळाच्या जेवणावळी, वाढदिवसाचे फलक, वरातीपुढचा कर्णकर्कश गोंगाट यांवर याच्या कित्येक पट खर्च होतो, तेव्हा ही काटकसर कोठे जाते? तो खर्च चार लोकांस दिसतो म्हणून त्यास कोणी नावे ठेवीत नाही. मुलांबरोबर काढलेले दोन दिवस गावास दिसत नाहीत. ते फक्त त्या मुलांना दिसतात.

प्रवासखर्चाचा हिशेब

प्रवासाचा खर्च आपण समजतो तेवढा नाही. एस.टी.मध्ये पाच वर्षांखालील मुलास तिकीट नाही. पाच ते बारा वर्षांपर्यंत अर्धे तिकीट आहे. १७ मार्च २०२३ पासून महिलांस राज्यात अर्धे भाडे पडते, आणि ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तर वर्षांवरील वृद्धांस प्रवास मोफत आहे. आता नवरा, बायको, शहात्तर वर्षांची आजी, नऊ वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा असे पाच जणांचे कुटुंब धरा. नवऱ्याचे पूर्ण, बायकोचे अर्धे, मुलीचे अर्धे. आजी व लहानगा मोफत. म्हणजे पाच माणसे मिळून दोन पूर्ण तिकिटांत जाऊन येतात. आजीच्या वयाचा पुरावा तेवढा जवळ ठेवावा.

कोठे जावे?

लांबच्या थंड हवेच्या ठिकाणांची नावे ऐकून दबून जाण्याचे कारण नाही. आपल्या मुलांनी आपल्याच शेताचे पाणी कोठून येते हे पाहिलेले नसते. तेव्हा पहिली सहल पाण्याच्या मागानेच करावी.

भोगावतीवरील राधानगरीचे धरण हे छत्रपती शाहू महाराजांनी हाती घेतलेले काम. महाराज १८९४ ते १९२२ पर्यंत गादीवर होते. धरण त्यांच्या हयातीत पुरे झाले नाही. पण आज जिल्ह्यात जी बागायत दिसते तिच्या मुळाशी तो विचार आहे. पाणी ठरावीक पातळीस चढले की आपोआप उघडणारे त्याचे सात दरवाजे मुलांना अवश्य समजावून सांगावेत. तेथून पुढे दाजीपूरचे गव्यांचे जंगल आहे. राधानगरी अभयारण्याचा हा भाग असून ते २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेले. पावसाळ्यात जंगल बंद असते, हे ध्यानात ठेवून बेत करावा.

हीच भोगावती कासारी, कुंभी व तुळशी यांच्यासह पंचगंगा होते. त्यांचा संगम कोल्हापूरजवळ प्रयाग चिखली येथे आहे. पंचगंगा पुढे नरसोबाच्या वाडीस कृष्णेला मिळते. समुद्र पश्चिमेस इतका जवळ असता आपले पाणी पूर्वेकडे वळते आणि थेट बंगालच्या उपसागरास जाते, हे मुलांना संगमावर उभे राहून सांगावे. नकाशावर सांगितलेले ते विसरतील, हे विसरणार नाहीत. वाडीहून खिद्रापूर जवळ आहे. तेथील कोपेश्वराच्या देवळात स्वर्गमंडपाच्या छताला मधोमध वर्तुळाकार मोकळे आभाळ सोडले आहे. ही दोन्ही ठिकाणे एका दिवसात होतात. घाटावर मुलांचा हात सोडू नये. वरून संथ दिसणारे पाणी आत फार ओढीचे असते.

दुसरे ठिकाण पन्हाळा. कोल्हापुरापासून तो अवघा वीस किलोमीटर आहे, आणि जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून तोही जागतिक वारशाच्या यादीत गेला. शेतकऱ्याच्या मुलाने तेथे अंबरखाना आधी पाहावा. गंगा, यमुना व सरस्वती अशी नावे असलेली ही धान्याची प्रचंड कोठारे आहेत. त्यांपैकी एकट्या गंगा कोठीत पंचवीस हजार खंडी धान्य मावत असे, असे सांगतात. १६६० साली सिद्दी जौहरचा वेढा पडला तेव्हा शिवाजी महाराज याच गडावर होते. गड महिनेच्या महिने लढला तो केवळ तटांच्या बळावर नव्हे. पोटाला धान्य लागतेच. शिल्लक कशासाठी ठेवावयाची याचा धडा यापेक्षा चांगला कोठे मिळणार? कोठार भरावयाचे ते वेळेस उघडण्यासाठीच.

मुलांकडे हिशेब द्यावा

सहलीचा एक मोठा लाभ असा की, मुलांना पैशाची ओळख होते. निघताना एकूण रक्कम त्यांना सांगावी, एक लहान वही द्यावी आणि तिकीट, चहा, पेढे, सगळा खर्च त्यांच्याकडूनच लिहून घ्यावा. आज खेळणे घेतले तर संध्याकाळी नावेत बसता येणार नाही, एवढे कळले की हट्ट पुष्कळसा आपोआप निवतो. एक वेळची भाकरी, शेंगदाण्याची चटणी व कांदा घरून न्यावा. त्याने पैसाही वाचतो आणि पोटही बिघडत नाही.

आपली मुले शेती सोडून नोकरीकडे का धावतात, याची चर्चा आपण पारावर वारंवार करतो. भाव, पाणी, वीज ही कारणे खरीच आहेत. परंतु ज्या मुलाने आईला एकही दिवस मोकळी पाहिलेली नाही आणि वडिलांच्या तोंडून ‘मग बघू’ याखेरीज काही ऐकलेले नाही, त्याने शेतीत माणसास जगता येते यावर विश्वास कशाच्या आधारे ठेवावा? दोन दिवसांच्या सहलीने शेतीचे सर्व प्रश्न सुटत नाहीत, हे उघड आहे. पण या धंद्यातही आपल्या माणसांसाठी वेळ काढता येतो, एवढे तरी मुलांस त्यातून दिसते. तेव्हा शेतकरी बंधूंनी व भगिनींनी येत्या दूधबिलापासूनच हा तिसरा वाटा काढावयास लागावे, आणि गोठ्याचा पैरा कोणाशी करावयाचा ते याच आठवड्यात ठरवून टाकावे.