झैद बिन साबित: पाठ असूनही पडताळून पाहणारा विद्वान

आज मदिनेचे झैद बिन साबित यांच्याविषयी बोलूया.

इ.स. ६२२ मध्ये प्रेषित मुहम्मद मदिनेत आले, तेव्हा झैद साधारण ११ वर्षांचे, वडिलांचं छत्र हरपलेले. बद्रच्या लढाईसाठी ते लहान ठरले. पण पाठांतरात आणि लेखनात तरबेज. पुढे ते प्रेषितांचे लेखनिक झाले.

प्रेषितांच्या निधनानंतर यमामाच्या लढाईत कुरआन मुखोद्गत असलेले अनेक जण मारले गेले. असंच चालू राहिलं तर? हजरत उमर यांना ही चिंता लागली. त्यांच्या आग्रहावरून पहिले खलिफा अबू बक्र यांनी संकलनाचं काम झैद यांच्यावर सोपवलं. झैद बिचकले. खुद्द प्रेषितांनी जे केलं नाही, ते आपण कसं करायचं? डोंगर हलवणं यापेक्षा सोपं, असं त्यांना वाटल्याचं परंपरा सांगते.

आता लक्षात घ्या, झैद यांना स्वतःला कुरआन पाठ होता. तरीही ते नुसत्या आठवणीवर विसंबले नाहीत. खजुराच्या फांद्या, चपटे दगड यांवरचं लेखन त्यांनी जमवलं आणि इतरांच्या पाठांतराशी ताडून पाहिलं. ती पानं पुढे उमर यांची कन्या हफ्सा यांच्याकडे राहिली. इ.स. ६५० च्या सुमारास तिसरे खलिफा उस्मान यांनी त्यांवरून प्रती करवल्या. त्या कामातही झैद होतेच.

आपल्याला एखादी गोष्ट पक्की ठाऊक असते, तेव्हा आपण ती पुन्हा तपासतो का? झैद यांच्याकडून घ्यायचं ते हेच.