माळरानावरील डोंबारी : विणीच्या सवयी आणि ‘पडीक’ जमिनीचा प्रश्न

डोंबारी हा महाराष्ट्राच्या पठारी भागातील माळरानांवर आढळणारा, चिमणीहूनही लहान, जेमतेम १२ ते १३ सें. मी. लांबीचा पक्षी होय. चंडोलांच्या कुलातील या पक्ष्याचे शास्त्रीय नाव इरिमॉप्टेरिक्स ग्रायसिअस असे असून भारतीय उपखंड हेच त्याचे वसतिस्थान आहे. त्याच्या विणीच्या सवयी आणि माळरानाचे शासकीय वर्गीकरण यांतील संबंध स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विणीच्या काळात नर हवेत उंच चढतो, पंख मिटून खाली झेपावतो आणि त्याच वेगाच्या जोरावर पुन्हा वर उसळी घेतो. अशा अनेक कोलांट्या घेऊन तो एखाद्या ढेकळावर उतरतो. डोंबाऱ्याच्या कसरतीची आठवण करून देणारे मराठी नाव शास्त्रीय नावापेक्षा अधिक नेमके आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

घरटे म्हणजे गवताच्या ठोंबाच्या किंवा ढेकळाच्या आडोशाला उकरलेला उथळ खळगा. त्यात गवत, केस यांचे अस्तर असते व कडेने बहुधा बारीक खडे रचलेले असतात. अंडी दोन किंवा तीन. फिकट रंगावरील तपकिरी ठिपक्यांमुळे ती मातीत मिसळून जातात. नर-मादी दोघेही उबवणीत भाग घेतात. मादीचा मातकट रंग तिला लपवितो. नराचे पोट मात्र काळे असते. धोका जाणवताच पक्षी जमिनीशी चिकटून बसतो. लपणे हेच येथे संरक्षण आहे आणि ते उघड्या, विरळ गवताच्या जमिनीवरच शक्य होते.

नेमकी हीच जमीन महसुली दप्तरात ‘पडीक’ ठरते. १९८५ साली राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळ स्थापन झाले. २००० साली प्रसिद्ध झालेल्या पडीक जमिनींच्या राष्ट्रीय नकाशासंग्रहातही झुडपी माळांची गणना पडीक जमिनीतच झाली. परिणामी वृक्षारोपणासाठी प्रथम माळ निवडला जातो. दाट सावलीत विरळ गवत टिकत नाही. शिवाय वाढलेल्या झाडांवर कावळ्यांना आयतेच टेहळणीचे ठिकाण मिळते. वृक्षारोपणाला विरोध करण्याचे कारण नाही, परंतु ते माळावरच का, हा प्रश्न रास्त आहे. डोंबाऱ्याची वीण स्थलपरत्वे वर्षातील बहुतेक महिन्यांत होत असल्याने खड्डे खोदण्यास ‘निर्धोक’ असा हंगामही सहसा सापडत नाही. महाविद्यालयांच्या श्रमसंस्कार शिबिरांसाठी जागा ठरविताना ही पाहणी आधी करता येईल.