थ्रॉम्बिन : रक्तस्कंदन, व्रणरोपण आणि त्यांची भाषिक रूपे

मराठीत भयाने रक्त ‘गोठते’, मुका मार लागला म्हणजे ते ‘साकळते’ आणि उघड्या जखमेवर त्याची ‘खपली धरते’. तिन्ही प्रयोगांत वाहते द्रव्य घट्ट होते; मात्र ते कशामुळे घट्ट होते याविषयीची कल्पना प्रत्येक शब्दात निराळी आहे. ‘गोठणे’ या क्रियापदामागे थंडी उभी आहे, कारण पाणी आणि तूप ही गारव्याने गोठतात. रक्ताच्या बाबतीत मात्र हे साम्य फसवे आहे. शरीरात रक्त घट्ट होते ते थ्रॉम्बिन नावाच्या एका विकराच्या क्रियेमुळे.

या संदर्भात सुश्रुतसंहितेतील विवेचन पाहण्यासारखे आहे. सूत्रस्थानाच्या चौदाव्या, म्हणजे शोणितवर्णनीय अध्यायात रक्तस्राव थांबविण्याचे चार उपाय सांगितले आहेत : संधान, स्कंदन, पाचन आणि दहन. तुरट द्रव्यांनी व्रण सांधला जातो, गारव्याने रक्ताचे स्कंदन होते, भस्माने पाचन होते आणि डागण्याने शिरा आकुंचन पावतात, अशी ही मांडणी आहे. गारव्याने रक्तस्राव कमी होतो हे निरीक्षण अचूक आहे. परंतु त्याचे कारण रक्तवाहिन्यांचे आकुंचन हे आहे. शरीराचे तापमान फार उतरले तर विकरांची क्रिया मंदावते आणि रक्तस्राव उलट वाढतो. म्हणजे ‘स्कंदन’ ही संज्ञा आजच्या शास्त्राने स्वीकारली असली, तरी तिच्यामागचा कार्यकारणभाव बदलला आहे. मराठी विश्वकोशाने ‘रक्तक्लथन’ हा पर्याय वापरला. व्यवहारात मात्र ‘गोठणे’च राहिले.

तमिळ भाषेने येथे एक वेगळी वाट दाखविली आहे. चेन्नईच्या पश्चिमेस, श्रीपेरुंबुदूर तालुक्यातील इरुंगाट्टुकोट्टै आज मोटारनिर्मितीच्या कारखान्यांसाठी ओळखले जाते. तेथे यंत्रावर काम करताना एखाद्याचे बोट कापले, तर रक्त घट्ट होण्याच्या क्रियेला तो ‘उऱैतल्’ म्हणेल. हे क्रियापद बर्फ होण्यासाठी वापरतात हे खरे. पण दुधाला लावण्याच्या विरजणालाही ‘उऱै’ म्हणतात. मराठीत दुधाचे विरजणे आणि रक्ताचे गोठणे यांचा संबंध शब्दांतून तुटला आहे. तमिळमध्ये तो टिकून आहे. अल्प द्रव्याने मोठ्या द्रवाचे रूप पालटावे, ही विरजणाची कल्पना विकराच्या कार्याला पुष्कळच जवळची आहे. एकोणिसाव्या शतकात डोरपाट येथील आलेक्झांडर श्मिट याने या द्रव्याला प्रथम ‘फायब्रिनचे किण्व’ असेच मानले होते. अर्थात साम्याला मर्यादा आहे : विरजणात सूक्ष्म जीव आम्ल निर्माण करतात, थ्रॉम्बिन हे निर्जीव प्रथिन आहे.

थ्रॉम्बिन रक्तात तयार स्थितीत वाहत नसते. तसे असते तर रक्ताभिसरणच थांबले असते. यकृतात ‘के’ जीवनसत्त्वाच्या साहाय्याने प्रोथ्रॉम्बिन हे त्याचे निष्क्रिय पूर्वरूप तयार होते. रक्तवाहिनी फाटली, की तिच्या बाहेरील ऊतींतील घटक रक्ताच्या संपर्कात येतो, आणि एका घटकाने दुसऱ्याला जागे करावे अशी साखळी सुरू होते. १९६४ मध्ये मॅकफार्लेन याने या साखळीला धबधब्याची उपमा दिली. साखळीच्या शेवटी प्रोथ्रॉम्बिनचे थ्रॉम्बिन होते. थ्रॉम्बिन फायब्रिनोजेन या विरघळलेल्या प्रथिनाचे लहान तुकडे कापून टाकते. उरलेले रेणू एकमेकांना चिकटून फायब्रिनचे धागे होतात आणि त्या जाळ्यात रक्तपेशी अडकतात. हेच थ्रॉम्बिन बिंबाणूंना चेतविते, साखळीतील मागच्या घटकांना अधिक वेग देते आणि धाग्यांना पक्की वीण घालणाऱ्या तेराव्या घटकालाही जागे करते. हिमोफिलियाच्या रुग्णात आठवा किंवा नववा घटक उणा असल्याने पुरेसे थ्रॉम्बिन तयार होत नाही.

याहून लक्षणीय गोष्ट ही, की आपल्या कार्याला आवर घालण्याची सोयही थ्रॉम्बिनच करते. निरोगी वाहिनीच्या अस्तरावरील थ्रॉम्बोमॉड्युलिनशी ते जोडले गेले, की प्रथिन ‘सी’ सक्रिय होऊन स्कंदन मंदावते. त्यामुळे गुठळी जखमेपुरतीच राहते.

व्रणरोपणाचा आरंभही येथेच होतो. फायब्रिनचे जाळे हे केवळ बूच नव्हे. नव्या पेशींना चढून येण्यासाठी ती परांची आहे. चेतविलेले बिंबाणू वाढीस चालना देणारे घटक सोडतात. थ्रॉम्बिन दाहपेशींना व तंतुजनक पेशींना उद्दीपित करते. त्यानंतर नवे ऊतक भरून येते, फायब्रिन विरघळविले जाते आणि व्रणाची खूण तेवढी उरते. शल्यचिकित्सेत थ्रॉम्बिन व फायब्रिनोजेन एकत्र करून जखमेवर लावतात, ते याच तत्त्वावर.

या व्यवस्थेचा घात कसा होतो, हे सर्पदंशात दिसते. इरुंगाट्टुकोट्टै ज्या जुन्या चेंगलपट्टू जिल्ह्यात मोडत असे, त्याच्याच किनाऱ्यावर वडनेम्मेली येथे १९७८ मध्ये स्थापन झालेली इरुळ सर्पमित्रांची सहकारी संस्था आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांचे विष काढून ती प्रतिविष बनविणाऱ्यांना पुरविते. घोणशीचे विष साखळीतील दहाव्या व पाचव्या घटकांना चेतविते. कोकणात विपुल आढळणाऱ्या फुरशाचे विष थेट प्रोथ्रॉम्बिनवर कार्य करते. परिणामी सर्वत्र अनावर थ्रॉम्बिन तयार होऊन फायब्रिनोजेन संपून जाते आणि रक्त गोठेनासे होते. कोरड्या, स्वच्छ काचनळीत दोन मिलिलिटर रक्त घेऊन वीस मिनिटे न हलविता ठेवावे. नळी कलती केल्यावर ते वाहिले, तर विषबाधेचे निदान होते. अशा वेळी दंशस्थान चिरणे ही जुनी चाल प्राणघातक ठरते, कारण ती चीर वाहतच राहते.

अश्वत्थाम्याची ‘भळभळणारी जखम’ या मराठी प्रतिमेचा विचार यानंतर वेगळ्या रीतीने करता येतो. महाभारताच्या सौप्तिकपर्वातील शापात पू आणि रक्त यांच्या दुर्गंधीने वेढलेली भटकंती आहे. लोकपरंपरेत तो जखमेसाठी तेल मागत फिरतो. न थांबणारे रक्त आणि न भरणारा व्रण या दोन वेगळ्या आपत्ती मराठी प्रतिमेने एकत्र केल्या आहेत. शरीरशास्त्राच्या दृष्टीने हा गोंधळ म्हणता येणार नाही : रक्त थांबविण्याची आणि व्रण भरण्याची पहिली खूण एकाच विकराकडून मिळते. मात्र त्या प्रतिमेचे भाषांतर करताना कोणती आपत्ती अभिप्रेत आहे, हे संदर्भावरून ठरविणे आवश्यक आहे.