तापाचे पहिले दोन दिवस

आजारपणाच्या रजेची चर्चा बहुतेक वेळा वर्षाला किती दिवस, या आकड्यापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. सात की बारा, पूर्ण पगारी की अर्धपगारी, शिल्लक राहिली तर पुढे जमा होणार की वाया जाणार. माझ्या मते हा आकडा दुय्यम आहे. रजेचे धोरण न्याय्य आहे का, हे पाहायचे तर एवढेच विचारावे: सकाळी अंगात ताप भरलेला माणूस घरी पडून राहिला, तर त्याची त्या दिवसाची कमाई बुडते का? रायपुरात या प्रश्नाला तीन-चार वेगवेगळी उत्तरे मिळतात. ज्याचा पगार कमी आणि काम अंगमेहनतीचे, त्याच्या वाट्याला त्यातले सर्वांत कठोर उत्तर येते.

नवा रायपुरातल्या मंत्रालयात काम करणाऱ्या कायम कर्मचाऱ्याला तापाच्या दिवशी एक अर्ज खरडायचा असतो. किरकोळ रजा असतेच, शिवाय नियमाने वर्षाला 20 दिवस अर्धपगारी रजा खात्यावर जमा होते आणि वैद्यकीय दाखला जोडला तर ती पूर्ण पगारी करून घेता येते. तिथून पंडरीच्या कापड बाजारात किंवा गोल बाजारात आलो की चित्र पालटते. छत्तीसगडचा 2017 चा दुकाने व आस्थापना कायदा 13 फेब्रुवारी 2025 पासून अमलात आला. महाराष्ट्राच्या त्याच वर्षीच्या मूळ कायद्याप्रमाणे तोही दहा किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनाच लागू झाला. पाच-सात माणसांवर चालणारी दुकाने त्यातून सुटली, आणि बाजारपेठेत अशी दुकाने उदंड आहेत. तिथे रजा म्हणजे शेठजींची मर्जी. त्याही पुढे पहाटे चावडीवर, म्हणजे मजूर अड्ड्यावर, उभे राहणारे रोजंदार मजूर आणि रेजा, म्हणजे मजूर बायका. त्यांच्या बाबतीत रजा हा शब्दच गैरलागू आहे. काम नाही तर मजुरी नाही.

या दोन टोकांच्या मध्ये उरला आणि सिलतरा या औद्योगिक वसाहतींतल्या स्पंज आयर्न भट्ट्या, रोलिंग मिल आणि त्यांच्या भोवतीचे छोटे कारखाने आहेत. त्यांच्यासाठी देशाने फार पूर्वीच एक चांगली सोय करून ठेवली आहे. डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळत होते त्या काळात प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम सोपवले गेले आणि 1944 मध्ये त्यांचा अहवाल आला. त्याच पायावर 1948 चा कर्मचारी राज्य विमा कायदा, म्हणजे आपण ज्याला ईएसआय म्हणतो तो, उभा राहिला. मालकाने आणि कामगाराने पगारातून थोडे थोडे भरायचे आणि आजारात उपचार व बुडालेल्या रोजाची भरपाई दोन्ही मिळवायचे, ही त्यामागची कल्पना आजही तितकीच पक्की वाटते. सहा महिन्यांच्या वर्गणी-काळात किमान 78 दिवसांची वर्गणी भरलेल्या कामगाराला वर्षाला 91 दिवसांपर्यंत सरासरी रोजाच्या 70 टक्के आजारपण भत्ता मिळतो. क्षयासारख्या दीर्घ आजारात तो 80 टक्के आणि दोन वर्षांपर्यंत होतो. हा भत्ता घेत असताना कामगाराला कामावरून काढता येणार नाही, असे 1948 च्या कायद्याचे 73 वे कलम सांगत होते.

पण याच कायद्याच्या 49 व्या कलमाने एक अटही घातली. आजाराच्या पहिल्या दोन दिवसांचा भत्ता मिळत नाही. आधीच्या आजारपणाला पंधरा दिवस उलटायच्या आत पुन्हा आजारी पडलात, तरच ही अट सुटते. महिना 12 हजार, म्हणजे साधारण 400 रुपये रोज मिळवणारा कामगार तापाने तीन दिवस घरी राहिला असे धरू. पहिल्या दोन दिवसांचे शून्य, तिसऱ्या दिवसाचे 280 रुपये. 1,200 रुपयांपैकी 920 बुडाले. आता माणसाला वर्षभरात होणारे आजार आठवून पाहा: विषाणूचा ताप, जुलाब, खोकला, पित्ताने उसळलेली डोकेदुखी. यातले बहुतेक दोन-तीन दिवसांत आटोपतात. नेमके हेच दिवस विम्याच्या बाहेर राहिले आहेत. 91 दिवसांचा आकडा कागदावर भरघोस दिसतो, पण सामान्य तापात त्यातला एखादाच दिवस हाती लागतो, आणि तोही डिस्पेन्सरीत रांग लावून दाखला आणला तर. उठून बसवत नाही अशा अवस्थेत तीन दिवसांनंतरच्या 280 रुपयांसाठी कुणी रांगेत उभा राहील, ही अपेक्षाच मला चुकीची वाटते.

आजारपणातही कामावर यायला कुणाला दरडावून सांगावे लागत नाही, ते या हिशेबामुळे. त्यात हजेरी भत्त्याची भर पडते. महिनाभर एकही खाडा नसेल तर काही शे रुपये जास्त मिळतात आणि एक खाडा झाला की संपूर्ण भत्ता जातो. मालकाच्या दृष्टीने हे बक्षीस आहे. कामगाराला मात्र तापाचा एक दिवस एका रोजापेक्षा कितीतरी महाग पडतो. कंत्राटी कामगाराच्या डोक्यावर आणखी एक चिंता असते. ठेकेदाराने त्याच्या जागी बदली आणला आणि तो चांगला निघाला, तर परतल्यावर जागा राहीलच याची खात्री नाही. 73 वे कलम त्याच्याही बाजूने होते, पण ठेकेदाराने नुसते बोलावणे थांबवले तर ते कोणत्या कागदावर सिद्ध करायचे? सूचना फलकावर रजेचे नियम लावून हा दबाव दूर होत नाही, कारण तो मुळात मजुरीच्या रचनेतच आहे.

मे महिन्यात रायपूरचे तापमान 44 अंशांच्या आसपास जाते. रोलिंग मिलमध्ये भट्टीतून लालभडक बिलेट बाहेर येते, रोलच्या एका जोडीतून दुसरीत सरकत लांबत जाते आणि माणसे हातातल्या सांडशीने तिला वळण देतात. तिथल्या उकाड्यात घाम येऊन शरीर थंड राहणे ही जगण्याची अट आहे. ताप आणि जुलाब झालेल्या माणसाच्या अंगातले पाणी आधीच कमी झालेले असते आणि लक्षही ठिकाणावर नसते. कार्यालयात बसणारा माणूस ताप घेऊन आला तर टंकलेखनाच्या चुका होतील. इथे तोल गेला तर गाठ तापलेल्या सळईशी आहे.

छत्तीसगडशी जोडलेला आणखी एक आजार या चर्चेत यायलाच हवा. सिकलसेल. या राज्यात आणि शेजारच्या विदर्भात साहू-तेली, कुर्मी, गोंड आणि अनेक अनुसूचित जातींमध्ये तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. म्हणूनच रायपुरात त्यासाठी स्वतंत्र संस्था काढावी लागली, आणि 2023 मध्ये केंद्राने देशपातळीवर निर्मूलन मोहीम सुरू केली. नुसत्या वाहकाला सहसा त्रास होत नाही. रुग्णाला मात्र अधूनमधून वेदनेचे झटके येतात. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात, हाडे आणि सांधे असह्य ठणकतात. पाणी कमी पडणे, अतिश्रम, ताप ही सगळी झटका येण्याची कारणे. झटका येण्याआधी अर्ज करता येत नाही, दोन-चार दिवसांत तो ओसरतो आणि मग माणूस कामाला लागतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने या आजाराला दिव्यांगत्वाच्या यादीत जागा दिली, हे योग्यच झाले. पण कारखान्यातल्या सिकलसेलच्या रुग्णाला दर झटक्याला पहिले दोन दिवस बिनपगारी काढावे लागत असतील, तर ती जागा त्याच्या काय कामाची? वर्षात पाच झटके आले तर दहा रोज गेले. दोन आठवडे सलग रुग्णालयात राहिलेल्या माणसाचे मात्र दोनच जातात.

दुखणे अंगावर काढण्याची किंमत पुढेही मोजावी लागते. ब्रिटनमधल्या सरकारी नोकरांच्या व्हाइटहॉल अभ्यासाचे 2005 मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात की प्रकृती चांगली नसूनही एकही रजा न घेणाऱ्या पुरुषांत गंभीर हृदयविकाराचे प्रमाण माफक रजा घेणाऱ्यांच्या दुप्पट निघाले. संसर्गाच्या आजारात ही किंमत शेजारी उभा असलेला माणूस मोजतो. अमेरिकेत 2020 मध्ये कोविडसाठी तात्पुरती पगारी रजा देणारा कायदा झाला. ज्या राज्यांत अशी रजा आधी नव्हती, तिथे या कायद्यानंतर दर राज्यामागे दररोज सुमारे 400 रुग्ण कमी नोंदले गेले, असा अंदाज अभ्यासकांनी मांडला. क्षयाचा रुग्ण उपचाराच्या सुरुवातीच्या आठवड्यांत इतरांना संसर्ग देऊ शकतो. त्या आठवड्यांत त्याला घरी राहणे परवडते की नाही, यात त्याच्या सहकाऱ्यांचे आणि त्यांच्या मुलाबाळांचेही हित गुंतलेले आहे.

सर्वांत बोलके उदाहरण आरोग्य खात्यातलेच आहे. 18 ऑगस्ट 2025 पासून छत्तीसगडमधले राष्ट्रीय आरोग्य अभियानाचे 16 हजारांहून अधिक कंत्राटी कर्मचारी संपावर गेले. दुर्गम उपकेंद्रे, प्रसूतिगृहे, प्रयोगशाळा हीच माणसे चालवतात. नोकरीत कायम करणे, ग्रेड पे, रखडलेली 27 टक्के वेतनवाढ या मागण्यांच्या बातम्या झाल्या. त्या दहा मागण्यांत वैद्यकीय व अन्य रजेची सोय ही एक होती, आणि कॅशलेस उपचार विमा ही दुसरी. सप्टेंबरच्या सुरुवातीला 25 जणांना बडतर्फ केले गेले, त्यावर सामूहिक राजीनामे आले. अखेर सरकारने काही मागण्या मान्य केल्या, त्यात कामावर असताना अपघात किंवा आजार झाल्यास 30 दिवसांच्या पगारी रजेची मागणीही होती. इतरांना विश्रांतीचा सल्ला देणाऱ्या परिचारिकेला स्वतःच्या आजारपणातल्या रजेसाठी महिनाभर संप करावा लागावा, ही गोष्ट मला अतिशय लागते. शिवाय मान्य झाले तेही कामाशी जोडलेल्या आजारापुरते. घरी लागण झालेल्या तापाने माणूस कमी आजारी पडत नाही.

पहिल्या दिवसापासून पगार दिला तर लोक उगाच दांड्या मारतील, हा आक्षेप मी उडवून लावणार नाही. त्यात तथ्य आहे. जर्मनीत आजारपणाचा पहिल्या सहा आठवड्यांचा पूर्ण पगार मालक देतो. 1996 मध्ये तो 80 टक्क्यांवर आणला तेव्हा रजांचे प्रमाण घटले. 1999 पासून पुन्हा पूर्ण पगार सुरू झाला. मात्र याच बदलाचा बारकाईने अभ्यास झाला तेव्हा दिसले की घट मुख्यतः पाठदुखीसारख्या तक्रारींत होती, संसर्गजन्य आजारांच्या रजा त्या मानाने फारशा हलल्या नाहीत. थोडा गैरवापर होतो, हे मान्य. प्रश्न असा की तो रोखण्यासाठी खऱ्या तापाच्या प्रत्येक माणसाला दंड करायचा का? दांडीबहाद्दर ओळखायला हजेरीपट पुरेसा असतो. दर सोमवारी गैरहजर राहणारा मुकादमाच्या नजरेतून सुटत नाही, त्याच्याकडे दाखला मागावा. बाकीच्यांना पहिले दोन-तीन दिवस दाखल्याशिवाय घरी राहू द्यावे. डॉक्टरांची गर्दीही तेवढी कमी होईल. सरकारी कर्मचाऱ्यावर किरकोळ रजेपुरता आपण इतका विश्वास ठेवतोच. भट्टीवरच्या माणसावर ठेवायला हरकत कसली?

दुसरा आक्षेप छोट्या मालकाचा आहे आणि तो अधिक गंभीर आहे. चार माणसांच्या दुकानात एक गेला तर विक्री बसते, वर त्याचा पगारही द्यायचा, हे खरेच जड आहे. म्हणूनच हा भार एकेका मालकावर न टाकता सगळ्यांच्या वर्गणीवर टाकण्याचा विचार अडारकरांनी केला होता. पैसा नाही, असे मात्र म्हणता येत नाही. 1 जुलै 2019 पासून ईएसआयची वर्गणी पगाराच्या 6.5 टक्क्यांवरून 4 टक्क्यांवर आणली गेली, मालकाची 3.25 आणि कामगाराची 0.75. इतकी कपात ज्या योजनेला झेपली, तिला पहिल्या दोन दिवसांचा भत्ता झेपला नसता, हे पटत नाही. त्या वेळी ही अट रद्द करून वर्गणी थोडी कमी उतरवता आली असती. आजही येईल. नोव्हेंबर 2025 मध्ये चार कामगार संहिता लागू झाल्या आणि भत्त्याच्या अटी व दर ठरवणे सामाजिक सुरक्षा संहितेने केंद्राच्या नियमांवर सोपवले आहे. ब्रिटनमध्ये पहिले तीन दिवस बिनपगारी ठेवणारी अट अनेक दशके होती. 2025 च्या रोजगार हक्क कायद्याने तिथेही ती काढण्याचा निर्णय झाला. आपल्याकडे ही अट काढण्याच्या जोडीने ईएसआयची 21 हजार रुपयांची वेतनमर्यादाही वाढवायला हवी. ती 2017 पासून तिथेच आहे, आणि 22 हजार मिळवणारा सुपरवायझर तेवढ्याने विम्याबाहेर जातो.

चावडीवरच्या मजुराला यातले काहीच लागू होणार नाही. त्याला एक मालकच नाही. आयुष्मान कार्ड रुग्णालयात दाखल झाल्यावर खर्च उचलते, पण घरी पडून काढलेल्या तापाचा रोज भरून देत नाही. बांधकाम मजुरांसाठी मात्र 1996 च्या कायद्यापासून बांधकामाच्या खर्चावर उपकर घेतला जातो आणि राज्याच्या कल्याण मंडळाकडे नोंदणीकृत मजुरांची यादीही असते. या निधीतून नोंदणीकृत मजुराला वर्षाला निदान पाच-सहा आजारी दिवसांचा किमान रोज थेट खात्यात द्यावा, दाखल्यासाठी जवळच्या आरोग्य केंद्रातली ओपीडीची चिठ्ठी पुरेशी मानावी. यादी आहे, बँक खाते आहे, निधी आहे. घरकामाच्या बायका, दुकानातला पोऱ्या, हमाल यांच्यासाठी असा निधीही नाही. दहा कामगारांच्या मर्यादेखाली राहिलेल्या या सगळ्यांना ईएसआयमध्ये स्वेच्छेने, सरकारच्या वाट्यासह सामावून घेणे ही त्यानंतरची आणि बरीच अवघड पायरी आहे. पहिल्या दोन दिवसांची अट काढायला मात्र त्या पायरीची वाट पाहण्याचे कारण नाही.