शिकाऊ ते पक्का : मोटार चालविण्याचा परवाना पायरीपायरीने



गोऱ्ह्याला पहिल्याच दिवशी उसाच्या गाडीला कोणी जुंपत नाही. आधी मानेवर नुसतं जू ठेवून सवय करतात, मग जाणत्या बैलाच्या जोडीला देऊन मोकळ्या वावरात कुळवाला फिरवतात. अंगात रग आणि डोक्यात समज आली, म्हणजे मग भरली गाडी. ही शहाणपणाची रीत आपल्या वाडवडिलांनी घालून दिली. पण त्याच आखाड्यावर पन्नास अश्वशक्तीचा ट्रॅक्टर आला की, रीत आपण विसरतो. पोरगं मिसरूड फुटायच्या आत स्टिअरिंगवर बसतं आणि आपण कौतुकानं म्हणतो, "आमचं लेकरू आत्ताच ट्रॅक्टर हाणतंय बरं का!"

गळीत हंगामात कारखान्याच्या काट्यावर ट्रॅक्टरांची रांग लागते. त्यातील प्रत्येक चालकाच्या खिशात योग्य परवाना असावा, ही अपेक्षा काही मोठी नाही. परंतु परवाना कोणत्या वयात, कोणत्या क्रमाने आणि कशासाठी मिळतो, याविषयी सभासदांत बरेच गैरसमज आहेत. म्हणून ही माहिती एकत्र देत आहोत.

कायदा काय म्हणतो

आपल्या देशात सध्या मोटार वाहन कायदा, १९८८ लागू आहे. तो १ जुलै १९८९ पासून अमलात आला. त्यापूर्वी १९३९ चा कायदा होता. १९८८ च्या कायद्यात २०१९ साली मोठी दुरुस्ती झाली आणि दंड व शिक्षा पुष्कळ कडक झाल्या.

वयाची अट अशी : १६ वर्षे पूर्ण झालेल्यास फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीचा परवाना मिळू शकतो, तोही पालकाच्या लेखी संमतीने. गावोगाव धावणाऱ्या १०० व १२५ सीसीच्या मोटारसायकली यात बसत नाहीत, हे ध्यानात घ्यावे. मोटारसायकल, जीप, कार व ट्रॅक्टर यांसाठी १८ वर्षे पूर्ण पाहिजेत. मालमोटार, बस अशा वाहतुकीच्या वाहनासाठी २० वर्षे. शिवाय वाहतुकीच्या वाहनाचा शिकाऊ परवाना मागण्याआधी हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष जवळ असावा लागतो.

म्हणजे कायद्यानेही पायऱ्याच बांधल्या आहेत. एकदम माडीवर उडी नाही.

पहिली पायरी : शिकाऊ परवाना

आपला जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला आणि आपल्या गाड्यांच्या पाटीवर एम.एच. ३८ आले. परवान्याचे काम हिंगोलीच्या परिवहन कार्यालयाकडे आहे. अर्ज केंद्र सरकारच्या 'सारथी' या संगणकीय व्यवस्थेतून करावयाचा असतो. वयाचा व पत्त्याचा पुरावा लागतो. प्रकृती ठीक असल्याचे स्वतःचे निवेदन द्यावे लागते. वय चाळीसच्या वर असेल किंवा वाहतुकीच्या वाहनाचा परवाना हवा असेल, तर डॉक्टरचे प्रमाणपत्र जोडावे लागते.

मग चाचणी. वाहतुकीच्या खुणा, रस्त्याचे नियम, चालकाची कर्तव्ये यांवर प्रश्न असतात आणि किमान ६० टक्के उत्तरे बरोबर यावी लागतात. २०२१ सालापासून महाराष्ट्रात आधार क्रमांकाच्या साहाय्याने ही चाचणी घरबसल्याही देता येते. सोय उत्तम आहे, हिंगोलीची एक खेप वाचते. पण काही ठिकाणी पोरगं बाजूला बसून राहतं आणि उत्तरं दुसराच कोणी दाबतो. अशाने कागद हाती येतो, खुणा मात्र डोक्यात जात नाहीत. पुढे वळणावर पाटी दिसते, पण ती काय सांगते ते कळत नाही. अभ्यासाचं पुस्तक मुलानंच वाचावं, उत्तरं त्यानंच द्यावीत.

शिकाऊ परवाना सहा महिने चालतो. त्या काळात तीन गोष्टी सक्तीच्या आहेत. एक, गाडीच्या पुढे व मागे पांढऱ्या पाटीवर लाल रंगात इंग्रजी 'एल' अक्षर. पाटी किमान १८ सेंटिमीटर चौरस व अक्षर किमान १० सेंटिमीटर उंच असावे. दोन, शेजारी पक्का परवाना असलेला जाणता चालक, आणि तोही गाडी थांबवू शकेल अशा जागी बसलेला. तीन, शिकणाऱ्याने मोटारसायकलवर शिकविणाऱ्याखेरीज कोणालाही बसवू नये.

जाणत्या बैलाच्या जोडीला गोऱ्हा देतात, तीच ही गोष्ट.

दुसरी पायरी : पक्का परवाना

शिकाऊ परवाना मिळाल्यापासून ३० दिवस झाल्यावर आणि त्याची मुदत संपण्यापूर्वी पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. मोटार वाहन निरीक्षक प्रत्यक्ष गाडी चालवून दाखवायला सांगतात. दुचाकीवाल्यास आठचा आकडा काढावा लागतो. चारचाकीवाल्यास आरसे नीट लावणे, योग्य वेळी इशारा देणे, गिअर बदलणे, अरुंद जागेत गाडी मागे घेणे आणि चढावर थांबवून मागे न घसरू देता पुन्हा काढणे, एवढे साधता आले पाहिजे.

नापास झाल्यास खचून जाऊ नये. सात दिवसांनी पुन्हा बसता येते. तीनदा नापास झाल्यास मात्र शेवटच्या परीक्षेपासून ६० दिवस थांबावे लागते. नापास करणाऱ्या निरीक्षकावर राग धरण्यात अर्थ नाही. त्यानं अपुऱ्या तयारीच्या पोराला पास केलं, तर ते उपकार नव्हेत.

मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकायचे असल्यास नियमाप्रमाणे हलक्या वाहनाचे शिक्षण किमान २१ दिवसांचे असते आणि त्यात प्रत्यक्ष हातात गाडी किमान १० तास मिळाली पाहिजे. जड वाहनासाठी ३० दिवस व १५ तास. पैसे भरताना हे तास विचारून घ्यावेत.

तिसरी पायरी : वाहतुकीचा परवाना

मालमोटार चालवायची तर वर सांगितल्याप्रमाणे वय २० आणि हलक्या वाहनाचा एक वर्षाचा परवाना हवा. पूर्वी यासाठी आठवी पास असण्याची अट होती. ती २०१९ साली काढून टाकण्यात आली. शाळा अर्धवट सुटलेल्या, पण हात चांगला बसलेल्या अनेक तरुणांना यामुळे वाट मोकळी झाली आहे. त्यांनी जरूर लाभ घ्यावा.

आता सभासदांचा नेहमीचा प्रश्न : ट्रॅक्टरला कोणता परवाना? रिकाम्या स्थितीत ७५०० किलोपर्यंत वजनाचा ट्रॅक्टर कायद्याच्या व्याख्येत हलक्या वाहनात मोडतो. ट्रॉली जोडली म्हणून ट्रॅक्टरचा परवाना कुचकामी ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली नागशेट्टी खटल्यात सांगितले. पुढे ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निकाल दिला की, हलक्या वाहनाचा परवाना असलेल्यास ७५०० किलोपर्यंतच्या एकूण वजनाचे वाहतुकीचे वाहन वेगळ्या शेऱ्याशिवाय चालविता येते.

येथे 'एकूण वजन' हा शब्द नीट वाचावा. उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्यांचे वजन काट्यावर किती येते, ते आम्ही सभासदांना सांगायला नको. म्हणून हंगामभर भाड्याने ऊस ओढणाऱ्या चालकाने परिवहन कार्यालयात विचारून वाहतुकीच्या वाहनाचा रीतसर शेरा घेतलेला बरा. शंकेला जागाच ठेवू नये.

मुदत आणि नूतनीकरण

खोडव्याकडे दुर्लक्ष केले तर तो उतार देत नाही, तसेच परवान्याचे आहे. खासगी वाहनाचा परवाना तिशीच्या आत काढला तर वयाच्या चाळिशीपर्यंत चालतो. तीस ते पन्नास वयात काढला तर दहा वर्षे. वाहतुकीच्या वाहनाचा परवाना पाच वर्षांचा. मुदत संपण्याआधी एक वर्षापासून नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. मुदत संपून एक वर्ष उलटले, तर मात्र पुन्हा परीक्षा द्यावी लागते. आजच घरातले सगळे परवाने काढून तारखा पाहाव्यात.

परवाना नसेल तर

विनापरवाना वाहन चालविणाऱ्यास कायद्यात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. आणि अशा माणसाच्या हाती वाहन देणाऱ्या मालकालाही तशीच शिक्षा. अल्पवयीन मुलाने गुन्हा केला, तर पालक किंवा मालक दोषी धरला जातो : तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड, वाहनाची नोंदणी १२ महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत परवाना नाही. म्हणजे ज्या पोराने उद्या मोटारीवर पोट भरायचे, त्याची ऐन उमेदीची वर्षे वाया.

त्याहून मोठी गोष्ट विम्याची. विमा उतरविला म्हणजे आपण सुटलो, असे पुष्कळांना वाटते. चालकाकडे योग्य परवाना नसेल आणि मालकाने ते जाणूनबुजून चालू दिले असेल, तर कंपनीने अपघातग्रस्ताला दिलेली भरपाई न्यायालयाच्या आदेशाने मालकाकडून वसूल होऊ शकते. भरपाईची रक्कम लाखांत असते. एवढी रक्कम शेतकरी कोठून आणणार? सातबाऱ्याकडेच बोट जाणार.

मधली पायरी आपणच घालू

न्यूझीलंड देशाने १९८७ साली परवाना तीन टप्प्यांत वाटला : शिकाऊ, मर्यादित आणि पूर्ण. मर्यादित टप्प्यात गाडी एकट्याने चालविता येते, परंतु रात्री १० ते पहाटे ५ पर्यंत एकट्याने नाही आणि दोस्तमंडळी बसवून नाही. कारण साधे आहे. नव्या चालकाचा हात चुकतो तो बहुधा अंधारात किंवा बरोबरीच्या पोरांच्या नादात. हा विचार पुढे अमेरिकेतील राज्यांनीही उचलला.

आपल्या कायद्यात शिकाऊ व पक्का यांच्यामध्ये अशी पायरी नाही. तीस दिवसांपूर्वी शिकायला बसलेला चालक परीक्षा झाली की रात्री दोन वाजता भरल्या दोन ट्रॉल्या घेऊन अकोला-हिंगोली-नांदेड महामार्गावर येऊ शकतो. कायद्याने अडवले नाही, तरी घरच्यांनी अडवायला काय हरकत आहे?

आम्ही असे सुचवितो : पक्का परवाना मिळाल्यावर पहिला महिना रिकामी ट्रॉली, दिवसा, गावशिवारात. दुसरा महिना एक भरलेली ट्रॉली, दिवसाच, सोबत जाणता माणूस. हात बसला असे त्या जाणत्या माणसाने सांगितल्यावरच दुसरी ट्रॉली. आणि रात्रीची खेप पहिल्या हंगामात नकोच.

यामागे कारण आहे. भरलेली ट्रॉली उतारावर ट्रॅक्टरला मागून रेटते. तेथे न्यूट्रल करून गाडी सोडली तर ब्रेकच्या बापालाही आवरत नाही. चढावर ओढ जास्त झाली की ट्रॅक्टरचं तोंड उचलतं आणि स्टिअरिंग हलकं पडतं. वावरात डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेक वेगवेगळे वापरायची सवय असते. तेच दोन पायटे डांबरीवर येताना एकमेकांना जोडले नाहीत, तर वेगात एकच चाक धरतं आणि ट्रॅक्टर आडवा होतो. मागे लाल परावर्तक नसेल, तर अंधारात उसाची ट्रॉली मागच्याला दिसतच नाही. आणि टेप एवढा मोठा लावतात की मागच्या गाडीचा भोंगा ऐकू येत नाही. गाणं ऐकावं, पण भोंगा ऐकू येईल एवढंच.

शेवटची गोष्ट जड मनाने लिहितो. ४ एप्रिल २०२५ रोजी आपल्या वसमत तालुक्यातील गुंज गावच्या शेतमजूर बाया घेऊन निघालेला ट्रॅक्टर नांदेड तालुक्यातील आलेगाव शिवारात विहिरीत कोसळला आणि सात जणी दगावल्या. त्या सकाळी कामाला म्हणून निघालेल्या लेकीसुना होत्या. दोष कोणाचा, हे ठरविणे आमचे काम नव्हे. परंतु माल वाहायची ट्रॉली माणसं बसवायला नसते, हे त्या दिवसानंतर आपल्या जिल्ह्यात तरी कोणाला पुन्हा सांगावे लागू नये. ट्रॅक्टर चालविणाऱ्याच्या हातात मागे बसलेल्यांचे जीव असतात, आणि त्या हाताची परीक्षा झालेली असणे हा त्यांचा हक्क आहे.

सभासदांना विनंती की, हंगाम सुरू होण्यापूर्वी आपल्या व आपल्या चालकाच्या परवान्याची मुदत, वर्ग व शेरा तपासून घ्यावा. ज्यांच्या घरी अठरा पूर्ण झालेले मूल आहे, त्यांनी त्याचा शिकाऊ परवाना आताच काढावा, म्हणजे घाई होणार नाही. ज्यांचे मूल अजून लहान आहे, त्यांनी ट्रॅक्टरची चावी खुंटीवरून काढून आपल्या कनवटीला लावावी. दोन-चार वर्षे जातील, पण ऊस काय, आडसाली लावला तरी दीड वर्ष थांबतोच ना आपण? मग पोटच्या पोरासाठी थांबायला काय झालं!

हा हंगाम सर्वांना सुखरूप जावो.